पाण्यात पाहणारी माणसं

मोजणीताईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बावीस वर्षं त्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत नव्या औषधांच्या चाचण्या सांभाळत होत्या, आणि या बावीस वर्षांत त्यांनी मुख्यतः एकच काम केलं, ते म्हणजे मोजणं. रुग्णाला दिलेल्या गोळ्या मोजायच्या, त्याने परत आणलेल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या, मधल्या फरकावरून त्याने खरोखर किती घेतल्या ते काढायचं, आणि तो "रोज न चुकता घेतो हो ताई" असं म्हणत असेल तर त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचं. या बघण्याने भलेभले सरळ होत. एका निवृत्त न्यायाधीशांनी त्या नजरेपुढे पाच मिनिटं तग धरला आणि मग कबूल केलं की सतरा गोळ्या त्यांनी खिडकीतल्या कुंडीत पुरल्या आहेत. झाडाला काही फरक पडला का, तेही ताईंनी विचारून घेतलं.

या कामाची गंमत अशी की त्यात कुणालाच काही माहीत नसतं, आणि नसावं अशीच सगळी व्यवस्था असते. अर्ध्या रुग्णांना खरं औषध मिळतं, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नसतं, डॉक्टरांना नसतं, मोजणीताईंना तर नसतंच. ठाऊक असतं ते फक्त दूरच्या कचेरीत बसलेल्या एका आकडेवाल्याला, आणि त्या बापड्याने रुग्ण कधी पाहिलेले नसतात. या प्रकाराला दुहेरी आंधळी चाचणी म्हणतात. ताईंच्या आईला हे समजावून सांगण्यात एक अख्खी दुपार गेली होती. शेवटी म्हातारी म्हणाली, "म्हणजे आपल्या घरासारखंच की. तुझे वडील सांगत नाहीत, मी विचारत नाही, संसार चाललाय."

आता ताईंचं दुखणं सांगतो. त्यांच्या हातून अकरा चाचण्या पार पडल्या होत्या. डोकेदुखी, दमा, रक्तदाब, झोप न येणं, झोप फार येणं, काही म्हणून राहिलं नव्हतं. अकराही औषधं नापास झाली. दोन-दोन वर्षं राबल्यावर जाडजूड अहवाल यायचा आणि ताई थेट शेवटचं पान उघडायच्या, तिथे तेच वाक्य असायचं: 'दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.' त्यांचा नवरा त्यांना औषधांचा कर्दनकाळ म्हणायचा. ताई हसायच्या, पण आतून त्यांना ते लागायचं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि त्यांची एकच इच्छा होती, की आपल्या हातून एकदा तरी कुणाला बरं वाटलेलं कागदावर उतरावं. एकदाच. मग खुशाल घरी बसवा.

बारावी चाचणी आली ती गुडघेदुखीची. जांभळी कॅप्सूल, रोज सकाळी एक, वर्षभर. बासष्ट रुग्ण, सगळे साठीच्या पुढचे, सगळे कुरकुरणारे, आणि गुडघ्यांचं तर नावच काढू नका. दर मंगळवारी पंधरा-सोळा जण येत. प्रत्येकाची पाळी महिन्यातून एकदा. आल्यावर दोन गोष्टी करायच्या. एक, कागदावरच्या दहा सेंटीमीटरच्या रेघेवर खूण करायची. डावं टोक म्हणजे अजिबात दुखत नाही, उजवं टोक म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बसायच्या दालनाला लागून एक जिना होता, जुने कागद ठेवायच्या खोलीकडे जाणारा, त्याच्या बारा पायऱ्या चढायच्या. खाली ताई घड्याळ घेऊन उभ्या.

पहिल्याच मंगळवारी हेडबाई आल्या. एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि गुडघ्यांपायी वर्षभरात चार वेळासुद्धा खाली उतरल्या नव्हत्या. त्यांनी रेघ नीट निरखली आणि उजव्या टोकाच्याही पुढे, कोऱ्या कागदावर, दोन बोटं अंतर सोडून खूण केली.

"खूण रेघेवर हवी, बाई," ताई म्हणाल्या.

"मग रेघ लांब काढायची होती."

बारा पायऱ्यांना त्यांना चौतीस सेकंद लागले. वर पोचल्यावर त्या कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आपण खोलीचं दार बघतो आहोत असं दाखवलं. त्यांच्या मागून आले कंडक्टरकाका. एकतीस वर्षं बसमध्ये उभं राहून काढलेली, त्यामुळे खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. दालनातल्या लोकांना "जरा पुढे सरका, मागे जागा आहे" असं सवयीने सांगत राहायचे. त्यांना छत्तीस सेकंद लागले. हेडबाईंनी तो आकडा ऐकला आणि चेहरा निर्विकार ठेवला, पण ताईंना वाटलं, बाईंची मान जराशी ताठ झाली.

तीन महिने सगळं नेहमीसारखं चाललं. चौथ्या महिन्यात आकडे हलायला लागले. हेडबाई सव्वीसवर आल्या, काका पंचवीसवर. एक आजोबा बेचाळीसवरून तिसांवर. रेघेवरच्या खुणा डावीकडे सरकू लागल्या, जणू सगळ्यांनी मिळून तिकडे घर बदललं होतं. पाचव्या महिन्यात हेडबाई एकोणीस. ताईंनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, झटकून पाहिलं, शेवटी मोठ्या डॉक्टरांचं घड्याळ मागून आणलं. एकोणीसच.

त्यानंतर मोजणीताईंचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, असं म्हणायला हरकत नाही. औषध लागू पडत होतं. बाराव्या खेपेला का होईना, लागू पडत होतं. बासष्टच्या बासष्ट सुधारणार नव्हते, रिकामी गोळी घेणारे अर्धे होतेच, पण ते कोण हे तरी कुठे माहीत होतं? ताई कपाटाची कुलपं गाणं गुणगुणत लावू लागल्या. चहात साखर दोनदा घालू लागल्या. एका संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मला शेवटचं पान आत्ताच दिसतंय." तो म्हणाला, "तुला काही दिसता कामा नये ना? आंधळी चाचणी ना तुमची?" ताईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि मग दोघंही हसत सुटले.

एक गोष्ट मात्र त्यांना विचित्र वाटत होती. मंगळवारी दालनात गर्दी वाढली होती. ज्यांची पाळी नाही असेही लोक येऊन बाकांवर बसत, आणि बसताना निम्मे खिडकीच्या बाजूला, निम्मे भिंतीच्या. कुणी जिना चढायला लागलं की एक बाजू पुटपुटून धीर द्यायची आणि दुसरी बाजू तोंड फिरवून घड्याळाकडे कान द्यायची. म्हातारी माणसं, विरंगुळा शोधतात, असं म्हणून ताईंनी तिकडे काणाडोळा केला. इथे चुकलं.

सहाव्या महिन्यातल्या एका मंगळवारी कंडक्टरकाका हातात पाण्याने भरलेलं भांडं घेऊन ताईंच्या टेबलासमोर उभे राहिले. पाठीमागे दालनातली दोन्ही कडची माणसं.

"ताई, आता तुम्हीच निवाडा करा," काका म्हणाले. "बाई ऐकत नाहीत."

"कसला निवाडा?"

"माझी गोळी पाण्यात टाकली की बुडते. बाईंची तरंगते. आता तुम्हीच बघा आणि सांगा, खरी कुठली."

ताईंनी घट्ट डोळे मिटले. हे त्यांनी विचार करून केलं नाही. बावीस वर्षांच्या सवयीने पापण्या आपोआप खाली आल्या. डोळे मिटलेल्या अवस्थेतच त्यांनी भांडं बाजूला ठेवायला लावलं, आणि तशाच बसून सगळी चौकशी केली. ते दृश्य ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात.

झालं होतं ते असं. हेडबाईंना कॅप्सूल कोरडी गिळता येत नसे, म्हणून त्या ती वाटीभर पाण्यात टाकून पाण्यासकट प्यायच्या. ती तरंगायची. हे त्यांनी सहज बाकावर सांगितलं. काकांनी घरी जाऊन करून पाहिलं, त्यांची तळाला. मग शेजारच्याने केलं, मग त्याच्या शेजारणीने. महिन्याभरात बासष्ट जणांनी बासष्ट भांडी भरली आणि फळी पडली. एकीकडे तरंगणारे, दुसरीकडे बुडणारे, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना अक्षरशः पाण्यात पाहू लागली.

"औषध हलकंच असतं," हेडबाई शांतपणे म्हणाल्या. "गुण असला की वस्तू वर येते."

"डबा रिकामा असला की वर येतो, बाई," काका म्हणाले. "माझ्यात माल आहे म्हणून बुडते."

"तुमच्यात नाही, गोळीत म्हणा."

आणि मग खरी गोष्ट कळली. आपलीच गोळी खरी हे सिद्ध कसं करायचं? जिना चढून. तरंगणारे आपापल्या घरी सराव करत होते, बुडणारे बागेच्या पायऱ्यांवर एकत्र जमत होते. हेडबाई तिसऱ्या मजल्यावरून रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा खाली उतरून वर चढत होत्या, कारण गेल्या मंगळवारी काकांनी त्यांना एका सेकंदाने मागे टाकलं होतं. काका सराव घेताना डबल बेल देत. त्याशिवाय त्यांच्या लोकांचे पाय उचलत नसत.

मोठ्या डॉक्टरांनी हे ऐकून डोक्याला हात लावला.

"किती जणांना कळलंय?"

"बासष्ट."

"म्हणजे अजून बाहेर नाही गेलं."

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी दोन वर्षं यात घातली होती आणि ते फक्त एक दार किलकिलं करून दाखवत होते. आत जाणं न जाणं ताईंच्या हातात होतं, कारण अशा गडबडीचा अहवाल त्याच लिहायच्या. लिहिला तर आकडेवाल्यांच्या कचेरीतून एक ओळ येणार आणि बासष्ट माणसांचे सगळे मंगळवार बाद होणार. गोळी ओळखता आली की चाचणी उरतच नाही. मग माणूस औषधाने बरा होतो की आपल्या गोळीच्या अभिमानाने, कोण सांगणार? आणि त्याबरोबर ताईंचं शेवटचं पानही रद्दीत.

सकाळी नाश्त्याला बसल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, मग ताईंचा चेहरा पाहून गप्प झाला.

"नाही लिहिलंस तर कुणाला कळेल?"

"कुणाला नाही."

"मग?"

"मग मला कळलेलं राहील ना. ते मी कुठे मोजू?"

त्यांनी अहवाल लिहिला. वाटी, भांडं, तरंगणारे, बुडणारे, बाग, डबल बेल, काही लपवलं नाही. पाठवला त्या दिवशी त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते औषधांच्या खोलीत, तापमानाची नोंद करता करता उरकून घेतलं. दालनात त्यांनी जाहीर केलं की यापुढे कॅप्सूल पाण्यात टाकली तर नाव कापलं जाईल आणि शर्यत लावली तर घड्याळ बंद. सगळ्यांनी मुलांसारख्या माना डोलावल्या. सराव थांबवायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो थांबला नाही.

सदतीस दिवस काही उत्तर नाही. अडतिसाव्या दिवशी टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे खुद्द आकडेवाला. बावीस वर्षांत ताईंनी अशा कुणा आकडेवाल्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. चांगला तरुण आणि थोडा घाबरट आवाज होता.

"तुमचा अहवाल वाचला," तो म्हणाला. "आमच्या कचेरीत सगळ्यांनी वाचला. दोनदा."

"आम्ही बाद ना?"

"नाही. कारखान्यात कॅप्सूल भरायची यंत्रं दोन होती. एक गच्च भरतं, दुसरं जरा सैल. खऱ्याही दोन्हींवर भरल्या, रिकाम्याही दोन्हींवर. तरंगण्याबुडण्यावरून औषधाचा काहीच पत्ता लागत नाही. तुमचे आकडे धरले जातील."

ताईंनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीसकट एक गोल फिरल्या. चाकांची खुर्ची होती, पण तोवर कधी कुणी तिच्यावर असं फिरलं नव्हतं. मग दालनात जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की तुम्ही इतके महिने एकमेकांना उगाच पाण्यात पाहिलंत. तरंगणाऱ्यांतही रिकामे आहेत आणि बुडणाऱ्यांतही खरे आहेत. आपल्याच फळीत शत्रू असू शकतो हे पचायला वेळ लागतो. मग खिडकीकडचे लोक आपसात एकमेकांकडे संशयाने बघू लागले, भिंतीकडचेही, आणि शर्यत बासष्ट बाजूंची झाली.

वर्ष संपलं. हीच चाचणी आणखी तेरा शहरांत चालली होती, तिथले आकडे जमायला आणखी काही महिने गेले. ताईंच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले असताना अहवाल आला, तोही मंगळवारीच. त्यांनी दार लावून घेतलं, थेट शेवटचं पान उघडलं. 'दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.' खाली बारीक अक्षरात त्यांच्या केंद्राविषयी एक टीप होती: इथे दोन्ही गट इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी पटीने सुधारले, कारण कळत नाही. बारावं औषधही गेलं. ताईंना फार वाईट वाटलं. बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसून राहिल्या आणि मग उठल्या, कारण बाहेर माणसं निकालासाठी थांबली होती आणि कुणाला खरी गोळी होती नि कुणाला रिकामी हे सांगणारं प्रत्येकाचं पाकीट त्यांच्याकडे होतं.

पाकिटं वाटली. कागद फाडल्याचे आवाज आले. कंडक्टरकाकांनी आपला कागद वाचला आणि हवेत उंच धरला. "खरी. मी म्हणत नव्हतो?"

हेडबाईंनी आपला दोनदा वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "रिकामी," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत ताईंनी हा क्षण शेकडो वेळा पाहिला होता. माणसं पडत्या चेहऱ्याने घरी जात आणि काहींची दुखणी आठवड्यात परत येत. त्या काहीतरी मऊ बोलायला पुढे झाल्या. पण त्याआधी काकांचा हात हळूहळू खाली आला. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता.

"बाई, शेवटच्या खेपेला तुमचे किती होते?"

"चौदा."

"माझे सोळा." काका खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या दालनात ते खुर्चीवर बसले. "म्हणजे मी औषध घेऊन हरलो, आणि तुम्ही पाणी पिऊन जिंकलात."

आधी कोण हसलं ते कुणाला आठवत नाही. ताई हसल्या एवढं नक्की, आणि अशा हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. अहवालाने जे ऐंशी पानांत सांगितलं होतं ते काकांनी एका दमात सांगून टाकलं होतं. हसता हसता त्यांचे डोळे पुसून झाले तेव्हा हेडबाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या.

"म्हणजे आता गोळी बंद," हेडबाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"गोळीचं जाऊ दे. मंगळवार?"

चाचणी संपली की भेटीही संपतात. नियम साधा होता आणि त्यांनी तो अकरा वेळा सहज सांगितला होता. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, शाळेत कधी कुणाकडे बघितलं नसेल असं, घाबरून. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात मंगळवार सोडला तर दुसरं काय होतं? बाईंच्या मागे सगळे तसेच उभे होते, तरंगणारे आणि बुडणारे मिसळून, आणि उत्तराची वाट बघत होते. ताईंना त्या बारीक अक्षरातल्या टिपेचा अर्थ तेव्हा नीट कळला.

"मंगळवार संपले," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कागदावरचे संपले. जिना आहे तिथेच आहे."

पुढच्या मंगळवारी एकोणचाळीस जण आले. त्यांची नावं आता कुठल्याही वहीत नव्हती, मोजायला गोळी नव्हती, खूण करायला रेघ नव्हती. मोठे डॉक्टर दारात येऊन गर्दीकडे बघून गेले आणि त्यांनी काही विचारलं नाही. काकांनी डबल बेल दिली. हेडबाईंनी पदर खोचला आणि कठड्याला हात न लावता बारा पायऱ्या चढून वर जाऊन उभ्या राहिल्या, धापा टाकत, लाल होऊन. ताईंनी घड्याळ पाहिलं. सवयीने त्यांचा हात पेनाकडे गेला आणि रिकामा परत आला. लिहायला कागदच नव्हता, म्हणून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्यांनी सांगितलं, "तेरा."